तमिळनाडूतील मराठी भाषक

तमिळनाडूतील मराठी भाषक म्हणजे तमिळनाडू राज्यात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेला आणि घरात मराठीची एखादी बोली बोलणारा समाज. या समाजाचा सर्वांत जुना व ठळक भाग कावेरी नदीच्या त्रिभुज प्रदेशातील आहे. तंजावर, कुंभकोणम, मन्नारगुडी, तिरुवारूर, मयिलाडुतुरै या गावांशी निगडित असलेल्या या लोकांना 'तंजावर मराठी' असे म्हटले जाते. इ.स. १६७५ च्या सुमारास व्यंकोजी ऊर्फ एकोजी भोसले यांनी तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत तेथे भोसले घराण्याची गादी राहिली. या १८० वर्षांत राज्यकारभार, सैन्य, देवस्थाने, विद्या आणि व्यापार यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे तेथे गेली. राज्य गेल्यावरही त्यांतील बहुतेक परतली नाहीत. महाराष्ट्राशी रोजचा संबंध तुटल्यानंतर शाळा, वृत्तपत्र किंवा राजाश्रय यांपैकी कशाचाही आधार नसताना ही बोली घराघरांत टिकून राहिली, हे या समाजाचे वैशिष्ट्य आहे. तिचा वापर आता झपाट्याने कमी होत आहे.

भूप्रदेश

तमिळनाडूचे क्षेत्रफळ सुमारे १,३०,००० चौ.किमी असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ७ कोटी २१ लाख आहे. पूर्वेस बंगालचा उपसागर, दक्षिणेस हिंदी महासागर, पश्चिमेस केरळ आणि उत्तरेस कर्नाटक व आंध्र प्रदेश अशा त्याच्या सीमा आहेत. पश्चिम घाट व पूर्व घाट या राज्यातील निलगिरी पर्वतात एकमेकांना मिळतात. तेथील दोड्डबेट्टा हे २,६३७ मीटर उंचीचे शिखर राज्यातील सर्वोच्च आहे. पश्चिमेकडील डोंगराळ भागाकडून जमीन हळूहळू पूर्वेस उतरत जाते आणि कोरोमंडल किनाऱ्याशी सपाट होते. मराठीत या किनाऱ्याला 'चोळमंडल' हे जुने नाव आहे.

मराठी वाचकाने येथील ऋतुचक्र वेगळे लक्षात घ्यावे लागते. महाराष्ट्राला पाऊस देणारा नैर्ऋत्य मोसमी वारा पश्चिम घाट ओलांडून येथे पोहोचेपर्यंत बराचसा कोरडा झालेला असतो. राज्यातील जवळजवळ निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो. मराठवाड्यात खरिपाची काढणी उरकून रब्बीची पेरणी सुरू असते, तेव्हा तंजावरात पावसाळा भरात आलेला असतो. याच महिन्यांत बंगालच्या उपसागरातून चक्रीवादळे येतात. नोव्हेंबर २०१८ मधील 'गाजा' चक्रीवादळाने वेदारण्यम, पट्टुकोट्टै आणि मन्नारगुडी परिसरातील नारळाच्या बागांची मोठी हानी केली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत राज्यातील सर्वाधिक प्राणहानी नागपट्टिनम जिल्ह्यात झाली.

कावेरी कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात तलकावेरी येथे उगम पावते आणि सुमारे ८०० किमी वाहून पुम्पुहारजवळ समुद्रास मिळते. तिरुचिरापल्लीच्या वर तिचा कोळ्ळिडम हा मोठा उत्तर फाटा निघतो. तिरुचिरापल्लीच्या पूर्वेस काही अंतरावर कल्लणै हा प्राचीन बंधारा आहे. तो करिकाल चोळ राजाने बांधला असे परंपरा सांगते. जास्तीचे पुराचे पाणी कोळ्ळिडमकडे वळवावे आणि उरलेले कावेरी व वेण्णार या शाखांतून शेतापर्यंत न्यावे, ही त्याची मूळ योजना आजही चालू आहे. या दोन शाखांपासून कुडमुरुट्टी, अरसलार, वेट्टार अशा उपशाखा फुटतात आणि त्यांपासून पाटचाऱ्यांचे जाळे पसरते. १८३६ मध्ये आर्थर कॉटन यांनी कोळ्ळिडमच्या मुखाशी बंधारा बांधून ही व्यवस्था भक्कम केली. १९३४ मध्ये मेट्टूर धरण पूर्ण झाले. दर वर्षी १२ जून रोजी मेट्टूरचे दरवाजे उघडण्याचा प्रघात आहे, परंतु धरणात पुरेसे पाणी नसेल तर तो पाळता येत नाही. ते पाणी आल्याखेरीज 'कुरुवै' हे भाताचे पहिले पीक घेणे कठीण होते. त्यानंतरची 'सांबा' व 'ताळडी' ही पिके ईशान्य मोसमी पावसावरही अवलंबून असतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कावेरीतील तमिळनाडूचा वाटा ४०४.२५ अब्ज घनफूट ठरवला. त्यापैकी १७७.२५ अब्ज घनफूट पाणी कर्नाटकाने बिळिगुंडलू येथे सोडावयाचे आहे.

ज्वारी, तूर व हरभरा पिकविणाऱ्या दख्खनच्या पठारावरून आलेल्या लोकांना येथे सारे जीवन भात आणि पाटाच्या पाण्याभोवती उभे असलेले आढळले. भोसले राज्याचा कारभार पट्टुकोट्टै, मन्नारगुडी, कुंभकोणम, मायावरम (आजचे मयिलाडुतुरै) आणि तिरुवाडी (आजचे तिरुवैयारू) अशा पाच सुभ्यांत विभागलेला होता. 'सुभा' हा शब्द उत्तरेतून आलेला असला तरी या विभागणीचे पाट, बंधारे आणि गावे पूर्णपणे कावेरीच्या होत्या. मूळ तंजावर जिल्ह्यातून १९९१ मध्ये नागपट्टिनम, त्यानंतर तिरुवारूर आणि २०२० मध्ये नागपट्टिनममधून मयिलाडुतुरै असे जिल्हे वेगळे झाले. त्यामुळे जुन्या कागदपत्रांतील 'तंजावर' आणि आजचा तंजावर जिल्हा यांची गल्लत होऊ देऊ नये.

पूर्वपीठिका

दख्खन आणि तमिळ प्रदेश यांचा राजकीय संबंध भोसल्यांपूर्वी सात शतके जुना आहे, आणि त्याचे एक टोक आजच्या नांदेड-लातूर भागात आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःस 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. या घराण्यातील कृष्ण तिसरा याने ९४९ मध्ये तक्कोलम (आजचा रानीपेट जिल्हा) येथे चोळांचा पराभव केला. या लढाईत चोळ युवराज राजादित्य मारला गेला. त्यानंतर उत्तर तमिळ प्रदेशातील शिलालेखांत कृष्णाचा उल्लेख कांची व तंजावर जिंकणारा राजा, अशा अर्थाच्या तमिळ बिरुदाने येतो. याच राजाच्या काळातील एक महत्त्वाचा शिलालेख नांदेड जिल्ह्यातील कंधार येथे मिळाला असून, तेथील 'जगत्तुंग समुद्र' या तलावाचा त्यात उल्लेख आहे. तथापि राष्ट्रकूटांची दरबारी भाषा संस्कृत व कन्नड होती. या स्वाऱ्यांमुळे तमिळ प्रदेशात मराठी वस्ती झाली नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे.

मराठी वस्तीची सुरुवात वेरूळच्या भोसल्यांपासून होते. शहाजीराजे विजापूरच्या आदिलशाहीत असताना बेंगळूरची जहागीर त्यांच्याकडे होती. त्यांचे पुत्र व्यंकोजी हे छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू. १६७३ मध्ये मदुरैच्या नायकांनी तंजावरच्या नायक घराण्याचा पाडाव केला. गादीच्या वारसाला पुन्हा बसविण्यासाठी आदिलशाहीने व्यंकोजींना पाठविले. त्यांनी तंजावर जिंकले आणि काही काळातच राज्य स्वतःकडे घेतले.

१६७७ च्या दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली आणि कोळ्ळिडमच्या उत्तर तीरावरील तिरुमळवाडी येथे दोघा बंधूंची भेट झाली. वडिलांच्या दौलतीतील वाट्याचा प्रश्न तेथे सुटला नाही, पण कोळ्ळिडमच्या दक्षिणेकडील तंजावरचे राज्य व्यंकोजींकडेच राहिले. पुढे जिंजीचा किल्ला छत्रपती राजाराम महाराजांचा आधार ठरला. १६९८ मध्ये तो मोगलांच्या हाती पडेपर्यंत मराठी राज्याचे केंद्र काही वर्षे तमिळ भूमीत होते.

भोसले राजवट

व्यंकोजींनंतर शहाजी (१६८४–१७१२), सरफोजी पहिले (१७१२–१७२८), तुकोजी (१७२८–१७३६), अल्पकाळ टिकलेले काही वारस, प्रतापसिंह (१७३९–१७६३), तुळजाजी (१७६३–१७८७), अमरसिंह (१७८७–१७९८), सरफोजी दुसरे (१७९८–१८३२) आणि शिवाजी (१८३२–१८५५) हे गादीवर आले. 'तुळजाजी' या नावातच कुलदैवत तुळजापूरच्या भवानीची आठवण आहे.

हे राज्य लहान, सुपीक आणि म्हणूनच सदैव धोक्यात होते. किनाऱ्यावर तरंगंबाडी येथे डेन्मार्कची वखार १६२० पासून होती, नागपट्टिनम डचांकडे होते आणि १७३९ मध्ये कारैकाल फ्रेंचांकडे गेले. अर्काटच्या नवाबाला खंडणी हवी असे, आणि नवाब इंग्रजांचा ऋणको होता. १७७३ मध्ये नवाबाने कंपनीच्या मदतीने तंजावर घेतले. १७७६ मध्ये ते तुळजाजींना परत मिळाले. हे करणारे मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पिगट यांना त्याच वर्षी त्यांच्याच मंडळातील विरोधकांनी कैदेत टाकले. १७८१ मध्ये हैदर अलीच्या फौजांनी त्रिभुज प्रदेश उद्ध्वस्त केला. पाट मोडले, गुरे नेली गेली आणि गावे ओस पडली.

२५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. सरफोजी दुसरे यांच्याकडे तंजावरचा किल्ला, दरसाल एक लाख पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले. राज्य हातून गेल्यावर त्यांनी जे केले त्यामुळेच तंजावरचे नाव आज घेतले जाते. जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रीड्रिख श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. त्यांनी नायकांच्या काळापासूनच्या ग्रंथसंग्रहाची वाढ केली. तोच आजचा सरस्वती महाल. तंजावरात त्यांनी देवनागरी खिळ्यांचे मुद्रणालय चालविले आणि तेथून १८०६ मध्ये इसापच्या कथांचे 'बालबोध मुक्तावली' हे मराठी भाषांतर छापून निघाले. मुंबईत मराठी छपाईला बहर येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. त्यांनी 'धन्वंतरी महाल' या नावाने औषधशाळा चालविली. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या गेल्या आणि त्यांचा अभ्यास आधुनिक नेत्रतज्ज्ञांनी केला आहे.

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केले. या मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये 'भोसले वंश चरित्र' हा प्रदीर्घ मराठी लेख कोरण्यात आला. मराठीतील सर्वांत मोठा शिलालेख म्हणून तो ओळखला जातो. ज्या वास्तूच्या पायथ्यावर चोळांचे तमिळ लेख आहेत तेथेच आपल्या घराण्याची कथा मराठीत लिहविणे हा राजकीय निर्णय होता, आणि तो राज्य गेल्यावर चार वर्षांनी घेतलेला आहे. इतिहासाचे साधन म्हणून त्यातील जुना भाग सावधपणे वापरावा लागतो. वंशगौरव हा त्याचा हेतू होता.

काशीहून रामेश्वरास जाणाऱ्या यात्रेकरूंचा मार्ग तंजावरातून जाई. त्यावर भोसल्यांनी अन्नछत्रे व धर्मशाळा बांधल्या. तमिळमध्ये त्यांना 'चत्तिरम' म्हणतात. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र आणि नीडामंगलम येथील यमुनांबाळ छत्र ही त्यांतील प्रसिद्ध होत. मुक्तांबा व यमुनांबा या नावांना लागलेला 'अंबाळ' हा शेवट तमिळ आहे. पट्टुकोट्टैजवळ समुद्रकाठी सरफोजींनी १८१४–१५ मध्ये 'मनोरा' नावाचा आठ मजली षट्कोनी बुरूज बांधला. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाचे ते स्मारक आहे, आणि मांडलिक राजाला काय काय साजरे करावे लागे याचेही.

१८५५ मध्ये शिवाजी राजे पुत्राविना वारले आणि कंपनीने गादी खालसा केली. राजाची खाजगी मालमत्ताही जप्त झाल्यामुळे राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या. मद्रासला त्यांच्या बाजूने निर्णय झाला, परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हे राज्याचे कृत्य असून न्यायालयाच्या कक्षेबाहेरचे आहे, असे ठरविले. हा निवाडा ब्रिटिश राज्यघटनात्मक कायद्यात आजही उद्धृत होतो. भोसले घराण्याचे वंशज तंजावरच्या राजवाड्याच्या एका भागात राहतात, आणि राजवाडा देवस्थानाच्या अखत्यारीत ८८ मंदिरे आहेत. त्यांत तमिळ जनतेचे मोठे श्रद्धास्थान असलेले पुन्नैनल्लूरचे मारियम्मन मंदिरही आहे.

समाजघटक

'तंजावर मराठी' हा एकजिनसी समाज नाही. संख्येने व लिखित नोंदींत ठळक दिसणारा गट देशस्थ ब्राह्मणांचा आहे. त्यांत माध्व व स्मार्त दोन्ही आहेत. कारकुनी, वकिली, महसूल आणि अध्यापन हे त्यांचे परंपरागत व्यवसाय होते. नावापुढे 'राव' लावत असल्यामुळे तमिळ लोक त्यांना 'रायर' म्हणतात. मराठा सरदार-शिलेदारांची कुटुंबे हा दुसरा गट. शिंपीकाम व कापडव्यवसाय करणारे नामदेव शिंपी आणि कापड रंगविणारे भावसार हे आणखी दोन. तमिळनाडू शासनाच्या मागासवर्गीय यादीत 'मराठा (ब्राह्मणेतर)' अशी नोंद असून तिच्यात नामदेव मराठा अंतर्भूत आहेत.

मदुरै व कुंभकोणम येथील सौराष्ट्री विणकर समाज पुष्कळदा मराठी समजला जातो. त्यांची भाषा स्वतंत्र असून तिच्यात मराठीचा अंश असला तरी ती मराठीची बोली नाही. चित्रपट अभिनेते रजनीकांत (मूळ नाव शिवाजीराव गायकवाड) हेही तंजावर मराठी नव्हेत. त्यांचा जन्म बेंगळूरच्या मराठी कुटुंबातील आहे.

या समाजातील बहुतेकांनी आडनावे सोडली आणि तमिळ पद्धतीप्रमाणे गावाचे किंवा वडिलांचे आद्याक्षर नावापुढे लावले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव (१८२८–१८९१) कुंभकोणमचे. त्यांच्या नावातील 'टी' म्हणजे तंजावर. बडोद्यात सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या अज्ञान काळात त्यांनी संस्थानाचा कारभार सांभाळला. त्यांचे आप्त आर. रघुनाथराव (१८३१–१९१२) हे इंदूरचे दिवाण आणि विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. न्या. महादेव गोविंद रानडे यांच्यासह १८८७ मध्ये त्यांनी मद्रास येथे सामाजिक परिषदेची स्थापना केली. बासरीवादक पल्लडम संजीवराव (१८८२–१९६२) याच समाजाचे.

विवाहसंबंधांत दक्षिणेची छाप स्पष्ट आहे. मामा-भाचीचा विवाह महाराष्ट्रातील देशस्थांत सहसा मान्य नव्हता, तो येथे रूढ झाला. मराठी स्थळ न मिळाल्यास कानडी किंवा तेलुगू बोलणाऱ्या माध्व कुटुंबांशी सोयरीक होई. अशा घरांत दोन-तीन भाषा एकाच वेळी नांदतात, आणि मुलांची भाषा बहुधा रस्त्यावरची म्हणजे तमिळ ठरते.

बोली व लिपी

तंजावरी मराठी महाराष्ट्रातील बोलण्यापासून अठराव्या शतकात बऱ्याच अंशी अलग पडली. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात शालेय पुस्तके, मोल्सवर्थचा कोश (१८३१) व वृत्तपत्रे यांतून जी प्रमाण मराठी घडली, तिच्याशी या बोलीचा संबंध आला नाही. म्हणूनच तिला कोणी 'शिवकालीन मराठी' म्हणतात. हे वर्णन अर्धेच खरे आहे. काही जुने शब्द व रूपे तिने जपली हे खरे, परंतु तीन शतकांच्या तमिळ सहवासाने तिचा हेल, वाक्यातील शब्दांचा क्रम आणि रोजचा शब्दसंग्रह बदलला आहे. पुण्यातून किंवा लातूरहून गेलेल्या माणसाला ती ऐकताना प्रथम तमिळ ऐकल्याचा भास होतो आणि मग शब्द ओळखू येऊ लागतात. या बोलीचे भाषाशास्त्रीय वर्णन झालेले असले तरी ती बोलणारे लोक ती क्वचितच लिहितात.

राज्य असताना दप्तर मोडीत लिहिले जाई आणि ग्रंथ देवनागरीत. राज्य गेल्यावर मोडीचे प्रयोजन संपले. पुढच्या पिढ्या तमिळ व इंग्रजी शिकल्या, आणि आज अनेक कुटुंबांत मराठी बोलता येते पण वाचता येत नाही. १९६८ पासून तमिळनाडूने तमिळ व इंग्रजी असे द्विभाषा धोरण स्वीकारले आणि २००६ च्या कायद्याने शाळांत तमिळ टप्प्याटप्प्याने अनिवार्य झाली. तेलुगू, कन्नड, मल्याळम व उर्दू या भाषांच्या अल्पसंख्याक शाळा राज्यात आहेत. विखुरलेल्या तंजावर मराठी लोकांना शाळेचा तसा आधार कधी मिळाला नाही.

उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली. तमिळमध्ये रूढ असलेले 'किच्चडी', 'जास्ती', 'चावडी', 'वापसु' यांसारखे शब्द मराठी किंवा मराठीमार्गे आलेले मानले जातात. गावांत आणि रस्त्यांतही खुणा आहेत. कुंभकोणमला दबीर रस्ता आहे, तर तंजावरला मानोजीअप्पा वीधी. कुंभकोणमजवळील तिरुविशनल्लूर हे गाव शहाजी राजांनी १६९३ मध्ये विद्वानांना अग्रहार म्हणून दिले, तेव्हा त्याचे नाव 'शाहजीराजपुरम' ठेवले गेले.

साहित्य, नाट्य आणि संगीत

शहाजी राजांच्या दरबारात मराठी, तेलुगू, तमिळ व संस्कृत चारही भाषांत रचना होत. राजे स्वतः तेलुगूत यक्षगाने व मराठीत नाटके लिहीत. 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे त्यांचे मराठी नाटक सतराव्या शतकाच्या अखेरीचे आहे. विष्णुदास भावे यांच्या सांगलीतील 'सीतास्वयंवर' (१८४३) पासून मराठी रंगभूमीचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. तंजावरची नाटके तिच्यापेक्षा सुमारे दीड शतक जुनी आहेत. पण ती दरबाराबाहेर व तंजावरबाहेर फारशी गेली नाहीत आणि भाव्यांवर त्यांचा प्रभाव पडल्याचे दिसत नाही. म्हणून 'पहिले मराठी नाटक कोणते' आणि 'मराठी रंगभूमी कोठून सुरू झाली' हे दोन वेगळे प्रश्न समजावेत. शहाजींच्या 'पंचभाषा विलास' या नाटकात पात्रे पाच भाषांत बोलतात.

सरफोजी दुसरे यांचे 'देवेंद्र कोरवंजी' हे नाटक भूगोलाच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावे असे आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरात राहणारी भविष्य सांगणारी कुरव स्त्री आपल्या मुलखाचे वर्णन करते. सरफोजींनी हाच साचा मराठीत घेतला आणि कोरवंजीच्या तोंडी साऱ्या पृथ्वीचे वर्णन घातले. ती इंद्राणीला खंडे, देश आणि त्यांची ठिकाणे सांगते. पुराणांतील सप्तद्वीपांऐवजी येथे युरोपीय नकाशातील जग येते. तमिळ घाट, मराठी शब्द आणि नवे भूगोलज्ञान यांचा असा मेळ अन्यत्र सहसा आढळत नाही.

समर्थ रामदासांच्या संप्रदायाचे मठ तंजावर व मन्नारगुडी येथे स्थापन झाले. समर्थ मूळचे मराठवाड्यातील जांब (जालना जिल्हा) येथील. या मठांतून आणि राजाश्रयाने आलेल्या कीर्तनकारांमुळे मराठी कीर्तन तंजावरात रुजले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतर यांनी त्या धर्तीवर तमिळ 'हरिकथा' घडविली. निरूपण, साकी, दिंडी, ओवी आणि अभंग या संज्ञा व वृत्ते तमिळ हरिकथेत तशीच राहिली. दक्षिणेकडील भजनपरंपरेत नामदेव व तुकाराम यांचे अभंग तमिळ गायक आजही गातात. पुष्कळांना त्यांचा शब्दशः अर्थ ठाऊक नसतो.

लावणीची कथा अधिक रंजक आहे. तंजावर परिसरात फाल्गुनातील कामन सणाला, म्हणजे मदनदहनाच्या उत्सवात, 'लावणी' नावाचे तमिळ गीत डफाच्या साथीने गातात. त्यात दोन पक्ष असतात. एक म्हणतो मदन जळाला, दुसरा म्हणतो जळाला नाही, आणि प्रश्नोत्तरांचा सामना रात्रभर रंगतो. महाराष्ट्रातील कलगी-तुऱ्याच्या झगड्याशी त्याचे साम्य उघड आहे. नाव आणि सवाल-जबाबाची रीत मराठी, भाषा व गायक मात्र संपूर्ण तमिळ, अशा रूपात हा प्रकार टिकला.

कर्नाटक संगीतातील त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर व श्यामा शास्त्री या तिघांचे जन्म तिरुवारूरचे, म्हणजे भोसल्यांच्या राज्यातील. भरतनाट्यमची आजची मांडणी घडविणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम व वडिवेलू हे चार बंधू तंजावर दरबाराशी संबंधित होते.

खाद्यसंस्कृती

उडदाच्या पिठाचे डांगर, चिंच घातलेली आंबट भाजी, पिठले आणि पुरणपोळी हे पदार्थ तंजावर मराठी घरांत टिकून आहेत. पुरणपोळी 'बोळी' या नावाने साऱ्या तमिळनाडूत मिळते. सरफोजींच्या काळातील 'शरभेंद्र पाकशास्त्र' या हस्तलिखितातून राजवाड्यातील पाककृती ज्ञात होतात. सांबाराचा शोध तंजावरच्या राजवाड्यात लागला आणि त्यास संभाजी महाराजांचे नाव दिले गेले, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. तिला समकालीन पुरावा नाही.

स्थलांतर व सद्यःस्थिती

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिक्षण प्रथम घेणाऱ्यांत हा समाज होता. त्यामुळे मद्रास इलाख्याच्या महसूल व न्यायखात्यांत आणि संस्थानी दिवाणगिरीत त्याचे प्रमाण संख्येच्या मानाने मोठे होते. गावाकडील जमीन कुळांकडून व शेतमजुरांकडून कसली जाई. तंजावर हा मोठ्या जमीनदारीचा आणि भूमिहीन दलित मजुरांचा जिल्हा होता. १९५२ च्या तंजावर कूळ व पण्णैयाळ संरक्षण कायद्याने आणि १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने ही व्यवस्था हळूहळू बदलली. बदल शांतपणे झाला नाही. २५ डिसेंबर १९६८ रोजी कीळवेण्मणी येथे मजुरीच्या वादातून ४४ दलितांना जिवंत जाळण्यात आले. जमिनीवरील हक्क सुटत गेले तसे अग्रहारांतील मराठी कुटुंबे तमिळ ब्राह्मणांप्रमाणेच चेन्नई, बेंगळूर, मुंबई आणि पुढे परदेशी गेली. गावातील घर विकले गेले की बोलीची वस्तीही संपली, कारण शहरात ती बोलणारी घरे एकमेकांपासून दूर असतात.

या समाजाची संख्या जनगणनेवरून काढणे योग्य ठरत नाही. जनगणना मातृभाषा विचारते. तमिळ सांगणारी मराठी वंशाची कुटुंबे तीत दिसत नाहीत, आणि मराठी सांगणाऱ्यांत नव्याने आलेले लोकही मोजले जातात. अशा नव्या लोकांत सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी व तासगाव भागातील गलाई व्यावसायिक प्रमुख आहेत. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या या धंद्यासाठी दुष्काळी तालुक्यांतील ही कुटुंबे विसाव्या शतकात देशभर पसरली, आणि तमिळनाडूतील सराफ बाजारांतही त्यांची दुकाने आहेत. त्यांचे गावी जाणे-येणे चालू असते व मुलांची लग्ने बहुधा गावाकडेच ठरतात. तंजावर मराठींशी त्यांचा संबंध क्वचितच येतो. एकाच राज्यात राहणारे हे दोन मराठी समाज एकमेकांची भाषा सहज ओळखत नाहीत.

मोडी कागदपत्रे

सरस्वती महाल १९१८ मध्ये सार्वजनिक झाला. त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखिते आहेत. मराठी विभागात नाटके, कीर्तनाख्याने, वैद्यक, पाकशास्त्र, पशुचिकित्सा अशा नाना विषयांचे ग्रंथ आहेत. त्याशिवाय राज्याच्या दप्तराचे मोडीतील शेकडो रुमाल आहेत. पाटांची दुरुस्ती, देवळांचा खर्च, छत्रातील शिधा, नर्तकींचे पगार, बाजारभाव, किनाऱ्यावरील वखारींशी झालेला व्यवहार अशा गोष्टी त्यांत नोंदलेल्या आहेत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील कावेरी प्रदेशाच्या सामाजिक व आर्थिक इतिहासाचे हे फार मोलाचे साधन आहे.

ते वाचण्यासाठी मोडी लिपी, जुनी मराठी आणि तमिळ गावांची व पिकांची नावे ही तिन्ही यावी लागतात. महाराष्ट्रातील मोडी जाणणारे वाचक तमिळ शब्दांशी अडखळतात, आणि तमिळ इतिहासकारांना लिपी अडते. १९८१ मध्ये तंजावर येथे स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांची तमिळ भाषांतरे टिपांसह प्रसिद्ध केली आहेत. त्यामुळे मराठीत लिहिलेल्या या कागदांचा काही भाग आज तमिळ वाचकाला मराठी वाचकापेक्षा सहज उपलब्ध आहे. ग्रंथालयाने मराठी हस्तलिखितांच्या सूची आणि काही ग्रंथांच्या देवनागरी आवृत्त्याही छापल्या आहेत. राजवाड्याच्या आवारातील ग्रंथालयाच्या संग्रहालयात निवडक हस्तलिखिते, नकाशे व चित्रे अभ्यागतांना पाहता येतात.